हॉटेलमधलं चायनीज महाग का पडतं? एकदा बिल नीट वाचा

बॅचमधल्या दोघांनी एकच प्रश्न विचारलाय. "सर, एक हॉटेलवाला खालचं रेस्टॉरंट चालवायला देतोय. चायनीज टाकू का?" दोघांचीही साठवलेली रक्कम त्यात जाणार आहे. माझं म्हणणं, आधी तशाच एखाद्या हॉटेलात पैसे देऊन जेवून या आणि बिल जपून घरी आणा.

एक खुलासा. आपल्याकडे मिसळ मिळते तेही हॉटेलच. इथे मी राहायच्या खोल्या असलेल्या हॉटेलबद्दल बोलतोय.

मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये 'गोल्डन ड्रॅगन' 1973 साली सुरू झालं, चीनच्या सिचुआन प्रांताच्या जेवणासाठी. त्याच सिचुआनचं आपण 'शेजवान' केलं आणि गाडीवरच्या लाल चटणीला ते नाव दिलं. चिकन मंच्युरियन आपण 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये पहिल्यांदा केलं, असं नेल्सन वँग सांगतात. गरम मसाला वगळून सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. सांगायचा मुद्दा, गाडीवरची प्लेट आणि मोठ्या हॉटेलातली प्लेट नात्यातल्याच आहेत. मग दरात एवढा फरक का?

जेवायला बसलात की घड्याळ बघा. चायनीज कढईत झटपट होतं, कारण भाज्या चिरून, नूडल्स उकडून, सॉस तयार करून आधीच ठेवलेले असतात. वेळ जातो तो टेबलावर. आधी सूप, मग स्टार्टर, गप्पा, मग राइस-नूडल्स. एक कुटुंब सहज दीड तास बसतं. गाडीवर तेवढ्या वेळात कितीतरी प्लेटा निघतात. एसी, वेटर, टेबलक्लॉथ, भाडं हे सगळं त्या दीड तासावर चढतं आणि तिथून तुमच्या प्लेटवर. चिकनचा भाव त्यात लहान भाग आहे. शेजारची टेबलं किती वाजता भरली, किती वाजता उठली, हे मोबाइलमध्ये गुपचूप लिहून ठेवा. मेनूकार्डाच्या फोटोपेक्षा हे जास्त कामाला येईल. (फोटो तर सगळेच काढतात.)

आता बिल. समजा जेवण 2000 रुपयांचं झालं. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के, म्हणजे एकूण 2100. हॉटेल 'स्पेसिफाइड प्रिमायसेस' असेल तर 18 टक्के, म्हणजे 2360. वर कुणी 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तर तो ऐच्छिक असतो. आपोआप बिलात घालता येत नाही, हे दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट केलंय. नको असेल तर सरळ काढायला सांगा.

हे 'स्पेसिफाइड' कधी होतं? 1 एप्रिल 2025 पासूनचा नियम असा, की मागच्या आर्थिक वर्षात एखादी खोली दिवसाला 7500 रुपयांच्या वर गेली असेल, किंवा हॉटेलने स्वतः तसं जाहीर केलं असेल, तर. 'एखादी' या शब्दाकडे बघा. 31 डिसेंबरच्या रात्री मालकाने एक खोली 8000 ला दिली, तर पुढच्या 1 एप्रिलपासून खालच्या हक्का नूडल्सवर 18 टक्के. गावातलं कुटुंब शेवटचा आकडा बघतं आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

अर्थात 18 टक्क्यांत इनपुट क्रेडिट मिळतं, 5 मध्ये मिळत नाही. जागेच्या भाड्यावर भरलेला 18 टक्के जीएसटी 5 वाल्याच्या खिशातूनच जातो. त्यामुळे 5 नेहमीच स्वस्त असं धरू नका, दोन्ही हिशोब कागदावर मांडा.

हॉटेलमालक स्वतः रेस्टॉरंट चालवतो तिथे हे सरळ आहे. तुम्ही चालवायला घेताय आणि बिल तुमच्या जीएसटी नंबरवर निघणार, तेव्हा कोणता दर लागेल हे टोकन द्यायच्या आधी सीएकडून लेखी घ्या. मालकाला दोनच गोष्टी विचारा: गेल्या वर्षी सगळ्यात महाग खोली कितीला गेली, आणि 'स्पेसिफाइड'चं डिक्लरेशन दिलंय का. दर मध्येच बदलला तर भाडं किती कमी होणार, ते करारात घाला. मालक "बघू नंतर" म्हणाला, तर त्या दिवशी टोकन देऊ नका.