डोंगरधार-भ्रमण

पर्वतरांगेच्या माथ्यावरील धार शक्यतो न सोडता एकामागून एक अनेक शिखरे ओलांडत जाण्याचा गिर्यारोहणाचा एक प्रकार. साधी पदयात्रा व दोराच्या साहाय्याने केले जाणारे प्रस्तरारोहण यांच्या मधले असे याचे स्वरूप असते. बहुतेक अंतर पायी काटले जाते. परंतु कातळटप्पे, अरुंद धारा व निसरडे उतार येथे हातांचाही आधार घ्यावा लागतो. एकच शिखर चढून आल्या वाटेने परतणाऱ्यास असलेली मोकळीक येथे नसते. धारेच्या मध्यावर पोहोचलेल्या माणसाला पुढे जाणे व मागे फिरणे सारखेच लांब पडते.

महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत परिचित उदाहरण पुण्याच्या दक्षिणेस असलेली कात्रज–सिंहगड ही धार होय. तरुण भ्रमणकारांत ती ‘के-टू-एस’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. सह्याद्रीपासून पूर्वेकडे गेलेल्या सिंहगड–भुलेश्वर रांगेचा हा भाग असून तो एक जलविभाजक आहे. उत्तर उतारावरचे पाणी मुठेला मिळते व मुळा-मुठेतून मुंढवा, खराडी या गावांवरून पूर्वेस जाते. दक्षिण उतारावरचे शिवगंगा व गुंजवणी यांच्याद्वारे नीरेत जाते. धारेवर हातभर अंतराने अलग झालेले हे प्रवाह नीरा-नरसिंहपूर येथे भीमेत पुन्हा एकत्र येतात.

जुन्या कात्रज बोगद्याच्या माथ्यापासून निघून ही वाट पश्चिमेकडे जाते आणि सिंहगडाच्या घाटरस्त्याला मिळते. वाटेच्या निवडीप्रमाणे अंतर १३ ते १६ किमी. भरते व त्यास सर्वसाधारणपणे ६ ते ८ तास लागतात. वाटेत डझनाहून अधिक टेकड्या लागतात. नेमक्या किती, याविषयी एकवाक्यता नाही, कारण थकलेला माणूस लहानसा उंचवटाही टेकडी म्हणूनच मोजतो. पश्चिमेकडे उंची वाढत जाते व सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सु. १,३१५ मी. वर आहे. म्हणजे अंगातले बळ कमी होत जाते आणि चढ वाढत जातात. उन्हाचा ताप टाळण्यासाठी अनेकजण पौर्णिमेच्या सुमारास रात्री ही धार चालतात. खराडीसारख्या पूर्वेकडील भागातून येणाऱ्यास बोगद्यापर्यंत पोहोचण्यासाठीच सारे शहर ओलांडावे लागते; तो वेळही दिवसाच्या हिशेबात धरावा लागतो.

धारेचा आकार तेथील खडकाने ठरविला आहे. दख्खनच्या पठारावर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यांतील घट्ट बेसाल्टाचे थर झिजेस तग धरतात व त्यांचे कडे बनतात. सच्छिद्र बेसाल्टाचे थर लवकर कुजून त्यांचे सौम्य उतार बनतात. त्यामुळे सह्याद्रीतील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. बेसाल्टात उभ्या भेगा असल्याने कड्यावरचा धोंडा भक्कम भासला, तरी तो मूळ खडकापासून सुटलेला असू शकतो. हात घालण्यापूर्वी तो हलवून पाहणे हा या डोंगरांतील पहिला नियम होय. याउलट स्कॉटलंडमधील स्काय बेटावरील प्रसिद्ध कुलिन धारेचा खडक मुख्यतः गॅब्रो आहे. तोही सु. ६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी क्रियेतूनच निर्माण झाला. परंतु भूपृष्ठाखाली सावकाश निवाल्यामुळे तो भरड व खरखरीत असून त्यावर बूट घट्ट धरतो. सु. ११ किमी. लांबीची ही धार एका दिवसात पार करण्याचा मान १९११ मध्ये शॅडबोल्ट व मॅक्लॅरेन या जोडीने प्रथम मिळविला.

सह्याद्रीतील धारांवर खरी अडचण कड्यांची नसून पाण्याची असते. पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, दोन लाव्हाथरांमधील तांबड्या मातकट थरावर अडते आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. माथा मात्र दिवाळीनंतर कोरडा पडू लागतो. किल्ल्यांवर कातळात टाकी खोदण्याचे कारण हेच होय. सिंहगडावरील देवटाके सर्वांना माहीत आहे. दोन टोकांमधल्या धारेवर अशी सोय नसल्याने प्रत्येकाने किमान चार लिटर पाणी बरोबर घेणे युक्त ठरते. उन्हाळ्यात तेही अपुरे पडते. डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात असंबद्धता आणि थांबलेला घाम ही उष्माघाताची चिन्हे दिसताच रुग्णास सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व खाली उतरविण्याची व्यवस्था करावी; सावरेल म्हणून वाट पाहू नये.

दुसरा धोका वाट चुकण्याचा. चढताना डोंगराच्या सर्व सोंडा माथ्याकडे एकत्र येतात, म्हणून चूक झाली तरी ती आपोआप सुधारते. उतरताना त्याच सोंडा फाटत जातात. माथ्यावर चारपाच अंशांनी चुकलेला माणूस अर्ध्या तासात दुसऱ्याच खोऱ्यात जातो आणि रात्री अथवा धुक्यात ते त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून प्रत्येक माथ्यावर थांबून पुढच्या खिंडीची दिशा निश्चित करावी. उतारावर मुरुमाचा घसारा व वाळके गवत यांवरून पाय सरकतो. शिवाय उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात; चढापेक्षा उतारानंतर पाय अधिक दुखतात ते यामुळे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजांचा संभव असल्याने त्यापूर्वी धार सोडणे इष्ट असते.

याहून कसदार धारा राज्यात आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी वाट पुष्कळांस ठाऊक आहे. अलंग, मदन व कुलंग या त्रयीत मदनावर जाताना तर दोर लागतोच. म्हणून ती प्रस्तुत प्रकाराच्या सीमेवर येते.

कात्रजची धार मात्र शहराच्या सर्वांत निकट असल्याने तिच्यावर शहराचा भारही सर्वाधिक आहे. पायथ्याशी रस्ते व बांधकामे यांसाठी टेकड्या कापल्या गेल्या. माथ्यावर गवत व माती धरून ठेवत असलेले पाणी अशा कापलेल्या उतारावरून एकदम खाली येते. जून २०१३ मध्ये नव्या कात्रज बोगद्यापलीकडे, शिंदेवाडीजवळ, महामार्गावर आलेल्या अशा लोंढ्यात एक महिला व तिची लहान मुलगी वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीमुळे कात्रजकडून शहरात येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. पुणे व परिसरात त्या पुराने वीसहून अधिक बळी घेतले.