पिकअपची पाठ आणि ट्रेलरचा भार
(वाहनविचार : लेखांक ९)

गेल्या लेखांकात पाट्यांचा (लीफ स्प्रिंगांचा) विचार करताना आपण असे पाहिले की, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी या पाट्यांच्या दृष्टीने जणू दोन स्वतंत्र गाड्याच होत. पाटे घातलेले असतात ते भरलेल्या गाडीच्या बेताने, आणि म्हणूनच रिकाम्या गाडीची मागची बाजू काहीशी उचललेली राहते. वाशीच्या बाजारात भाजी उतरवून नाशिककडे रिकामी परतणारी कोणतीही पिकअप बाजूने न्याहाळावी, म्हणजे हा उतार सहज डोळ्यांत भरतो. आणि आपल्याकडे त्याविषयी कोणाची काही तक्रार असल्याचे ऐकिवात नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे हौद्यात पुन्हा क्रेट चढले की पाठ आपोआप खाली बसते. अमेरिकेतली गोष्ट निराळी. फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती १९२५ साली विक्रीस काढली तेव्हा ते वाहन शेतकऱ्याचे व कारागिराचे होते. पुढे मात्र ते घरगुती मोटारीच्या पदाला पोहोचले, वर्षाचे बहुतेक दिवस ते रिकाम्या हौद्याने शाळेत, कचेरीत व बाजारात जाऊ लागले, आणि मग दोन-तीन इंचांनी उचललेली ती पाठ मालकाच्या डोळ्यांना खुपू लागली.

या नाखुशीतून जन्मास आलेली वस्तू म्हणजे तिकडे लेव्हलिंग किट या नावाने मिळणारा संच. त्यात गूढ असे काही नाही: पुढच्या दोन्ही चाकांच्या स्प्रिंगांवर धातूची चकती बसवायची, म्हणजे नाक सुमारे दोन इंच उचलले जाऊन गाडी बाजूने सरळ रेषेत दिसते आणि पुढे थोडी मोठी चाके बसवण्यासही जागा होते. चाकांची अलाइनमेंट त्यानंतर पुन्हा करून घ्यावी लागते आणि पुढच्या चाकांना गती देणारे दांडे असतील तर त्यांचे सांधे पूर्वीपेक्षा अधिक कोनात काम करू लागतात, हे सोडले तर रिकाम्या गाडीपुरते या फेरफाराने फारसे काही बिघडत नाही. प्रस्तुत लेखकाला स्वतःला ही हौस फारशी रुचत नाही. परंतु ज्याची गाडी त्याची रुची, आणि आक्षेप घ्यायचाच झाला तर तो दिसण्यावर न घेता, अशा गाडीला सहा-सात हजार पौंडांचा ट्रेलर जोडला असता जे घडते त्यावर घेणे अधिक न्याय्य होय. कारखान्याने ठेवलेला उतार हा वस्तुतः मागे येणाऱ्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली शिल्लक होती. मालकाने ती आधीच खर्ची घातली असल्यामुळे ट्रेलर जोडताच पाठ खाली जाते आणि नाक आकाशाकडे वळते.

आता हे किती प्रमाणात घडते, याचा हिशेब मांडून पाहू. ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा जो भार पिकअपच्या मागील हिचच्या, म्हणजे जोडणीच्या, गोळ्यावर उभा दाबला जातो, त्याला आपण दांडीभार म्हणू. गोळ्यावर जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, असा तेथील सर्वमान्य नियम आहे. ७,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३,१७५ किलोंचा, राहुटीवजा ट्रेलर घेतला तर ९०० पौंड दांडीभार रास्त म्हणता येईल. चार दरवाजांच्या फोर्ड एफ-१५० या पिकअपच्या पुढच्या व मागच्या आसांत सर्वसाधारणपणे १४५ इंचांचे अंतर असते. गोळा मागच्या आसेच्याही मागे सुमारे ६० इंचांवर आहे असे धरू. म्हणजे मागची आस हा टेकू, आणि टेकूच्या पलीकडे टोकावर ९०० पौंड. तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या आसेवरून सुमारे ३७२ पौंड उचलले जातात, आणि मागच्या आसेवर केवळ ९०० नव्हे, तर ते ९०० अधिक हे ३७२, मिळून १,२७२ पौंड येऊन पडतात. पुष्कळांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट हीच: हौद्यात ठेवलेले ओझे बहुतांशी दोन्ही आसांच्या मध्ये बसते, गोळ्यावरचे ओझे मात्र आसेच्या बाहेर लोंबते, आणि म्हणून ते आपल्या वजनाहून अधिक दाबते.

पुढच्या चाकांवरून पावणेचारशे पौंड उतरल्याचा परिणाम चालकाला प्रथम हातांत जाणवतो. सुकाणूचक्र हलके, काहीसे पोकळ लागते. ओल्या रस्त्यावर वळण घेताना चाक वळते पण गाडी किंचित उशिरा वळते. आणि ब्रेकचे बरेचसे काम पुढच्याच चाकांकडे सोपवलेले असल्यामुळे थांबण्याचे अंतरही वाढते. दिव्यांची कथा त्याहून लवकर उघडकीस येते, कारण तिची दाद समोरून येणारा मागतो. मूळच्या सरळ रेषेतून पाठ तीन इंच खाली व नाक एक इंच वर, असा मिळून चार इंचांचा फरक पडला, तर शंभर फुटांवर प्रकाशाचा पट्टा आपल्या जागेहून सुमारे पावणेतीन फूट वर चढतो. म्हणजे डिपर दिलेला असूनही तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या काचेवर पडतो.

पाठ खाली गेली तर पाठ उचलावी, हा उपाय कोणालाही सुचेल असाच आहे, आणि तो विकणारेही पुष्कळ आहेत. मागच्या आसेवर, चौकटीच्या खाली, रबरी हवेच्या पिशव्या बसवायच्या आणि त्यांत हवा भरायची. मग गाडी पुन्हा सरळ रेषेत दिसते, दिवेही बऱ्याच अंशी ठिकाणावर येतात, आणि मालक समाधान पावतो. हा उपाय अगदीच टाकाऊ आहे असे नव्हे, हौद्यातल्या ओझ्यासाठी तो उत्तमच म्हणावा लागेल. परंतु वरील हिशेबाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. पिशव्यांनी मागची बाजू तीन इंच उचलली म्हणून गोळा आसेच्या जवळ सरकत नाही की दांडीभार घटत नाही. मागच्या आसेवर १,२७२ पौंड होते ते तसेच राहतात आणि पुढच्या आसेवरचे गेलेले ३७२ पौंड गेलेलेच राहतात. डोळ्यांना गाडी सरळ दिसते आणि सुकाणू पूर्वीइतकेच पोकळ असते. एका परीने पूर्वीचे वाकडे रूप अधिक प्रामाणिक होते, कारण ते निदान चालकाला सावध तरी करीत होते.

दुसरा उपाय याहून घातक आहे, आणि तो फुकटचा असल्यामुळे अधिक लोक करतात. पाठ दबते ना, मग ट्रेलरमधले जड सामान पुढून काढून मागे न्यावे. तसे केले की दांडीभार झपाट्याने उतरतो, पिकअपची पाठ वर येते, पुढची चाके पुन्हा रस्ता धरतात, आणि सगळेच कसे मार्गी लागल्यासारखे वाटते. ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला यातला धोका सांगावा लागणार नाही: पेंढ्या मागे अधिक रचल्या गेल्या की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलू लागते, आणि अशी गाडी उतारावर हाताबाहेर जाते, म्हणूनच जाणता गाडीवान मानेवर थोडा भार राहील अशा बेताने माल रचतो. ट्रेलरची गत तीच, फरक वेगाचा. दांडीभार दहा टक्क्यांच्या पुष्कळ खाली गेला की ट्रेलर एका विशिष्ट वेगापर्यंत शहाण्यासारखा चालतो, आणि तो वेग ओलांडताच वाऱ्याचा एखादा झोत किंवा शेजारून गेलेला मोठा ट्रक एवढ्या निमित्ताने त्याचे शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते. दर हेलकाव्याला झोक वाढतो आणि पिकअपची पाठही त्याबरोबर ओढली जाते. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबणे किंवा वेग वाढवणे दोन्ही अनिष्ट. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, सुकाणू सरळ धरावे, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा स्वतंत्र खटका हाताने दाबून ट्रेलरलाच मागे खेचावे, एवढेच चालकाच्या हाती असते.

मग दांडीभार कायम ठेवून पुढच्या आसेचे वजन तिला परत कसे मिळवून द्यावे? याची तजवीज भारविभाजक हिच या योजनेत केलेली आहे, आणि ती खरोखर बुद्धीचे कौतुक वाटावे अशी आहे. गोळा ज्या मजबूत डोक्यावर बसवलेला असतो, त्यातूनच दोन लांब पोलादी कांबी मागे ट्रेलरच्या चौकटीखाली जातात; या कांबी स्प्रिंगसारख्या लवचीक असतात, आणि त्यांची मागची टोके साखळीने अथवा कंसाने वर ओढून ट्रेलरच्या चौकटीला ताणून अडकवतात. कांबी सरळ होऊ पाहतात, परंतु त्यांची मुळे पिकअपच्या हिचमध्ये घट्ट रोवलेली असल्यामुळे तो ताण पिकअपच्या शेपटाला वर उचलतो आणि त्याच ओघात तिचे नाक खाली दाबतो. मागच्या आसेवरचे काही वजन अशा रीतीने पुढच्या आसेकडे वर्ग होते आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे. आपल्या उदाहरणात गमावलेल्या ३७२ पैकी निम्मे, म्हणजे १८६ पौंड, पुढे परत आणायचे ठरवले आणि ट्रेलरची चाके गोळ्यापासून १६ फुटांवर धरली, तर सुमारे १०७ पौंड ट्रेलरच्या चाकांकडे जातात व मागची आस एकूण २९३ पौंडांनी हलकी होते. तिच्यावरचा वाढीव भार १,२७२ वरून ९७९ वर येतो. नवे वजन निर्माण झाले नाही की जुने नाहीसे झाले नाही, बेरीज पूर्वीचीच ७,०००.

निम्मेच का, सगळे का नको, असा प्रश्न येथे कोणी विचारील. पूर्वी चाकावरची उंची पूर्ववत होईपर्यंत कांबी ताणाव्यात असा प्रघात होता, आणि अजूनही जुने लोक तसेच सांगतात. परंतु अलीकडे काही कारखान्यांच्या पुस्तिका निम्म्यावरच थांबावयास सांगतात, कारण पुढची आस फार जड व मागची फार हलकी झाली, तर निकराच्या वळणावर मागची चाके आधी घसरतात आणि ट्रेलर त्यांना बाजूला ढकलतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिले असेल तेच ग्राह्य धरावे. ते साधण्यास पुढच्या मडगार्डाच्या कमानीखाली फीतपट्टी धरण्यापलीकडे दुसरे साधन लागत नाही: सपाट जागी ट्रेलर न जोडता उंची मोजावी, कांबी न ताणता जोडून पुन्हा मोजावी, आणि कांबीच्या साखळीची एकेक कडी वर घेत जाऊन चढलेल्या उंचीपैकी निम्मी उतरली की थांबावे. येथे लेव्हलिंग किट लावलेल्यांनी एक दक्षता घ्यावी. मूळची उंची म्हणून किट लावल्यानंतरची रिकाम्या गाडीची उंची घ्यावयाची, किटपूर्वीची नव्हे. नाहीतर दोन इंचांचा तो फरक कांबींच्या माथी मारला जाऊन त्या नको इतक्या ताणल्या जातात. हवेच्या पिशव्या असतील तर त्या आधी किमान दाबावर आणाव्यात, कांबी लावून घ्याव्यात, आणि मगच लागेल तेवढी थोडी हवा भरावी. उलट क्रम केल्यास पिशव्या शेपूट उचलून धरतात, कांबींना ताणच राहत नाही, आणि महागडे हिच शोभेपुरते उरते.

किटमुळे गोळ्याची उंचीही थोडी बदलते, हे मात्र कोणी सहसा सांगत नाही. नाक दोन इंच वर गेले की मागच्या आसेपलीकडचे टोक त्याच प्रमाणात, म्हणजे पाऊण इंचाहून थोडे अधिक, खाली येते. दोन आसांच्या ट्रेलरला हे सोसत नाही: त्याचे तोंड खाली झुकले की पुढची चाके अधिक भार घेतात, वर उचलले की मागची, आणि ब्रेक व टायर विषम झिजतात. तेव्हा गोळ्याची पट्टी नव्याने वरखाली करून ट्रेलर जमिनीशी समांतर आणावा.

शेवटी मर्यादेचा दाखला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हलक्या पिकअपच्या चालकाकडील दाराच्या चौकटीत एक पिवळी चिठ्ठी असते. माणसे आणि सामान मिळून एवढ्या पौंडांहून अधिक नको, असा तिचा हुकूम. सगळा दांडीभार त्या आकड्यात मोजावा लागतो, भारविभाजक हिचचे स्वतःचे शंभरेक पौंडही त्यातच, आणि कुटुंबातली पाच माणसे, हौद्यातली पेटी व लाकडे हीसुद्धा. हलक्या पिकअपवर तो आकडा पुष्कळदा दीड हजार पौंडांच्या आसपास असतो, म्हणजे ९०० गेल्यावर उरते ते फार थोडे. आणि किट, पिशव्या वा कांबी यांपैकी कशानेही त्यात एका पौंडाची भर पडत नाही. हिचच्या अंगावरही वेगळी मर्यादा कोरलेली असते, आणि कित्येक एफ-१५० गाड्यांवर कांबींवाचून ५,००० पौंडांपलीकडे ट्रेलर जोडण्यास मनाईच आहे.

अंदाजाने ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्याचा काटा गाठावा. तिकडे कॅट स्केल नावाचे काटे जागोजाग आहेत, आणि ते पुढची आस, मागची आस व ट्रेलरच्या आसा निरनिराळ्या फळ्यांवर घेऊन त्यांची वजने स्वतंत्र छापून देतात. एकदा पिकअप एकटी, एकदा ट्रेलर जोडून पण कांबी सैल सोडून, आणि एकदा कांबी ताणून, असे तीन कागद मिळवावेत. दुसऱ्या कागदावरील पिकअपच्या दोन्ही आसांच्या बेरजेतून पहिल्यावरील बेरीज वजा केली की दांडीभार निघतो. पुढच्या आसेचे तिन्ही आकडे शेजारी मांडले की किती गेले व किती परतले ते कळते. मडगार्डाखालच्या फीतपट्टीने जे सांगितले ते खरे होते की नाही, याचा निवाडाही तेथेच लागतो. ट्रेलरच्या ब्रेकचा खटका किती जोराने बसवावा, हा या कागदांवर अवलंबून असलेला प्रश्न पुढच्या आठवड्याच्या लेखांकात घेऊ.