"वडील काय करतात?" : मुलाखतीतला साधा प्रश्न आणि आपल्या पोरांची कोंडी

रिसोड तालुक्यातला एक तरुण मागच्या वर्षी पुण्याला मुलाखतीला गेला होता. बी.कॉम. झालेला, टॅलीवर हात बसलेला. समोरच्या साहेबांनी विचारलं, "वडील काय करतात?" हा म्हणाला, "शेती." "किती एकर?" "आठ." "यंदा सोयाबीनला उतारा काय आला?" तोही त्याने बरोबर सांगितला, कारण ते सोयाबीन त्याने स्वतः सोंगलं होतं. फक्त वावर दुसऱ्याचं होतं. वडील तिथे सालगडी.

खोटं पकडलं गेलं नाही, पण त्यानंतर त्याचं डोकं चालेना. आता सातबारा विचारतील का, गावचं कोणी ओळखीचं निघेल का, एवढंच मनात. जीएसटीच्या ज्या नोंदी तो झोपेतही करेल, त्या प्रश्नावर गडबडला. परत आल्यावर मला नोकरीबद्दल काहीच बोलला नाही. म्हणाला, "दादा, म्या बापच चोरला."

करिअर मार्गदर्शनाच्या व्हिडिओत एक सल्ला हमखास असतो : मुलाखतीत आहात तसे राहा, ओरिजनल राहा. सल्ला चांगला आहे. पण ज्याचं आडनाव, बोली, घर आणि आवडीनिवडी समोर बसलेल्या माणसासारख्याच आहेत, त्याला तो फुकटात पाळता येतो. आपल्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते.

ही आपल्या मनातली भीती नाही, तिचा अभ्यास झालेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत ठेवला. 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्याचे निष्कर्ष आले. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लीम नावाची त्याहून बरीच कमी. म्हणजे चाळणी मुलाखतीच्या आधीच लागते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असं ते सांगत होते. पण 'फॅमिली बॅकग्राउंड' मात्र त्यातल्या बहुतेकांना महत्त्वाचं वाटत होतं. वडील काय करतात, घरात शिकलेलं कोण, वाढ कुठे झाली, यावरून माणूस जोखला जातो. जातीचं नाव घ्यायची गरजच पडत नाही.

तेव्हा लपवणाऱ्या पोराला भित्रा म्हणायचं धाडस मी करणार नाही. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना पारशी नाव लावून पारशी सरायीत उतरावं लागलं. ते उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 चा. त्याच वर्षी अमेरिकेत इर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं 'स्टिग्मा' आलं. त्यातही हेच आहे : ज्याच्यावर समाजाने डाग मारला, तो माहिती सांभाळत जगतो. एम.ए.ला ते पुस्तक वाचताना मला आमच्या वस्तीतली माणसंच दिसत होती.

पण मुलाखतीपुरता एक व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. खोटं सांगणं वेगळं आणि सगळं न सांगणं वेगळं. आपण चौथं शील घेतो ते खोटं न बोलण्याचं. येईल त्याच्यासमोर सगळं उघडं करण्याचं नव्हे. मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात तथागत सांगतात की सत्य आणि हितकारक बोलण्यालाही योग्य वेळ पाहावी लागते. "तुम्ही बौद्ध म्हणजे नेमके कोण?" असं कोणी विचारलं तर "मी बौद्ध आहे" एवढं पूर्ण उत्तर आहे. पुढे खोदलं, तर "याचा कामाशी काय संबंध आहे, सर?" असं शांतपणे विचारता येतं. नोकरी हातची जाऊ शकते, हेही सांगून ठेवतो. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे ज्याच्या घरची चूल पेटायची आहे त्यानेच ठरवावं. आम्ही कार्यकर्त्यांनी बाहेरून शौर्य शिकवू नये.

वडिलांच्या कामाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. "वडील शेतमजूर आहेत, आई रोजाने जाते, त्यांच्या मजुरीचा हिशेब बारावीपासून मी ठेवतो." हे उत्तर आठ एकरांपेक्षा भारी आहे. कीव मागण्यासाठी सांगू नका. सांगा आणि कामावर या. अकाउंटच्या जागेसाठी बसलेल्या पोराला हिशेब ठेवायची सवय आहे, हे त्या एका वाक्यात कळतं.

बोलीचंही तेच. 'मले-तुले' तोंडात आलं की पोरं जीभ चावतात, 'ळ'चा 'य' झाला की लाजतात. जिथे प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लागते, तिथे ती शिकलीच पाहिजे. पण अडल्यावर "हे मी मराठीतून सांगू का?" असं विचारणं हे पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा बरं. पाठांतर दुसऱ्या प्रश्नाला संपतं.

आणि अनुभवाचं खोटं सर्टिफिकेट. हे पैसे देऊन मिळतं, सगळ्यांना माहीत आहे. पीएफच्या यूएएन क्रमांकावरून आधीच्या नोकरीच्या नोंदी तपासता येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. रुजू झाल्यावर काढून टाकलं जाणं नोकरी न मिळण्यापेक्षा वाईट. दोन वर्षं घरी होतो, वडिलांचं ऑपरेशन होतं, सोबत मोबाईलच्या दुकानात काम केलं, हे जसं आहे तसं बायोडेटात लिहा.

हे सगळं उमेदवाराने करायचं. पण प्रश्न विचारणाऱ्यांचं काय? संविधानाच्या कलम 16 ने सरकारी नोकरीत जातीवरून भेदभाव करायला मनाई केली. खासगी कंपनीच्या भरतीला ते कलम लागू नाही. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब मधल्या भरतीच्या मुलाखती बंद केल्या, कारण तिथे वशिला आणि मर्जी चालते हे उघड होतं. मग खासगी क्षेत्रात ठरलेले प्रश्न आणि लेखी गुण यांची मागणी करायला आपल्या संघटना का कचरतात? वाशिम आकांक्षित जिल्हा आहे, इथली पोरं अकोला, संभाजीनगर, पुण्यालाच जाणार आहेत.

आता रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही सतरंजीवरच सरावाची मुलाखत घेतो. पहिला प्रश्न ठरलेला : वडील काय करतात? पहिल्यांदा सगळेच खाली पाहतात. रिसोडच्या त्या तरुणाने यंदा अकोल्यात दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे "वडील सालगडी आहेत" असंच सांगितलं. पहिल्या ठिकाणाहून पुन्हा फोन आला नाही. दुसरीकडे एका गोदामात स्टॉकच्या नोंदीला लागला आहे. पगार कमी आहे, पुढची जागा शोधतो आहे. मधल्या एका रविवारी सरावाला आला, तेव्हा प्रश्न विचारायला त्यालाच बसवलं.