विश्लेषण : भर समुद्रात शिडाच्या बोटीवरील रेडिओला ‘अर्थिंग’ कुठून मिळते?

लांबच्या सफरीवर निघालेल्या शिडाच्या बोटींवर एक तक्रार वारंवार ऐकू येते. लांब पल्ल्याच्या रेडिओवर हजारो किलोमीटरवरचे संभाषण स्पष्ट ऐकू येते, पण आपला आवाज कुणापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी दोष अनेकदा रेडिओत नसतो, तर अर्थिंगमध्ये असतो. जमीनच नसलेल्या ठिकाणी हे अर्थिंग येते कुठून?

उपग्रह फोन असताना हा रेडिओ कशाला?

बोटीवरचा नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ जवळपास नजरेच्या टप्प्यातच चालतो. दोन शिडाच्या बोटींमध्ये हा टप्पा साधारण १५ सागरी मैलांचा असतो. ‘एसएसबी’ रेडिओच्या लहरी (साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ) वातावरणातील आयनोस्फिअर या थरावरून परततात आणि हजारो किलोमीटर जातात. उपग्रह फोनवरून एका वेळी एकाच क्रमांकाशी बोलता येते. रेडिओवरची मदतीची हाक मात्र ती फ्रिक्वेन्सी ऐकणाऱ्या प्रत्येक जहाजाला ऐकू जाऊ शकते, आणि त्यासाठी मासिक बिलही येत नाही.

घरातले अर्थिंग आणि हे अर्थिंग एकच का?

नाही. घरातील तीन पिनांच्या प्लगमधले अर्थिंग शॉकपासून बचावासाठी असते. येथे ते अँटेनाचा उरलेला अर्धा भाग असते. डोलकाठीला मागून ताणून धरणारी पोलादी तार दोन्ही टोकांना इन्सुलेटर लावून अँटेना म्हणून वापरली जाते. तिच्यात विद्युतप्रवाह ढकलायचा तर तेवढाच प्रवाह दुसऱ्या बाजूने ट्यूनरकडे यावा लागतो. लोखंडी जहाजाचा सांगाडाच हे काम करतो. फायबरग्लासमधून मात्र वीज वाहत नाही. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौकांचे सांगाडेही लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास चढवून केलेले आहेत. अशा बोटींत ही दुसरी बाजू वेगळी तयार करावी लागते.

अर्थिंग कच्चे असेल तर किती नुकसान?

४ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ७५ मीटर असते. त्यापुढे १० मीटरची तार तोकडी पडते. लहर बाहेर फेकण्यात खर्ची पडणारा तिचा रोध अवघा ७ ओहम भरतो. समजा, अर्थिंगचा रोध १४ ओहम आहे. मग १५० वॉटपैकी १०० वॉट उष्णतेत जातात आणि हवेत जेमतेम ५० वॉट पोहोचतात. ऐकताना ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण आलेला संदेश आणि वातावरणातील खरखर दोन्ही सारखेच क्षीण होतात. म्हणूनच दोष लपून राहतो.

जाड वायर लावून भागत का नाही?

बॅटरीच्या प्रवाहासाठी एक मीटर जाड वायरचा रोध नगण्य असतो. पण ८ मेगाहर्ट्झला तिच्या इंडक्टन्समुळे सुमारे ५० ओहमचा अडथळा तयार होतो. शिवाय या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठभागावरून वाहतो. त्यामुळे तांब्याची रुंद, पातळ पट्टी वापरतात आणि ती शक्य तितकी आखूड ठेवतात.

ती पट्टी जोडायची कशाला?

बोटीच्या तळाशी पाण्याला लागून असलेले ब्राँझचे भाग, बोटीचा तोल राखणारी धातूची कील, धातूच्या टाक्या, हे नेहमीचे पर्याय आहेत. फायबरग्लासच्या आत बंद असलेली कीलसुद्धा चालू शकते. ती आणि समुद्र मिळून एक कपॅसिटर बनतो आणि रेडिओचा प्रवाह त्यातून पार होतो. ४ मेगाहर्ट्झचा प्रवाह मुख्यतः खाऱ्या पाण्याच्या वरच्या १२-१३ सेंटिमीटरमध्येच राहतो. त्यामुळे येथे खोलीपेक्षा पाण्यालगतचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. काही जण पाण्याशी संबंधच न ठेवता, वेगवेगळ्या लांबीच्या तारांचा जुडगा बोटीच्या आत पसरतात. त्यानेही काम होते.

यात धोका कोणता?

खाऱ्या पाण्यातले दोन वेगळे धातू तांब्याने जोडले की बॅटरीसारखा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक धातू झिजत जातो. पाण्याखालची फिटिंग अशी झिजली तर बोटीत पाणी शिरू शकते. यावर उपाय स्वस्त आहे. पट्टी मध्येच कापायची आणि ती फट सिरॅमिक कपॅसिटरने जोडायची. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ मेगाहर्ट्झच्या प्रवाहाला अर्ध्या ओहमपेक्षाही कमी अडवतो, पण धातू झिजवणारा एकदिश प्रवाह पूर्ण थांबवतो.

दोष ओळखायचा कसा?

माइकचे बटण दाबताच ऑटोपायलट भरकटणे, दिवे लुकलुकणे, माइकला ओठ लागताच चटका बसणे, ही लक्षणे रेडिओचा प्रवाह भलत्याच वायरींतून फिरत असल्याची असतात. मात्र एकही लक्षण नसले म्हणून अर्थिंग चांगले आहे असे होत नाही. किनारा सोडण्यापूर्वी वेगवेगळ्या बँडवर दूरच्या केंद्राशी बोलून, ‘माझा आवाज कसा येतो?’ हे विचारणे हीच खरी चाचणी. ऐकू येते म्हणजे रेडिओ ठीक, हा समज संकटाच्या वेळी महागात पडू शकतो.