घाटघर : विजेला सवड देणारा कडा

भंडारदऱ्याहून वीस-बावीस किलोमीटर आत गेले की घाटघर लागते. अकोले तालुक्यातले हे गाव धुवाधार पाऊस आणि कोकणकडा यांसाठी ओळखले जाते. पर्यटक कड्यावरून खाली कोकण पाहतात आणि परततात. त्या डोंगराच्या पोटात एक भूमिगत वीजघर आहे, याची अनेकांना कल्पना नसते. २५० मेगावॅटचा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प तो हाच. जपानच्या कर्जसाहाय्यातून उभा राहिलेला हा प्रकल्प २००८ पासून वीज देतो आहे.

येथे दोन जलाशय आहेत. वरचा घाटघरला, प्रवरेच्या खोऱ्यात. खालचा शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ. दोन्हींच्या पातळीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे सुरू झाले की वरचे पाणी बोगद्यातून खाली झेपावते आणि १२५ मेगावॅटचे दोन संच फिरवते. मागणी उतरली की तेच संच उलटे फिरून पंपाचे काम करतात आणि पाणी पुन्हा वर चढवतात. म्हणजे पाणी तेच, यंत्रही तेच.

हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आले की साधारण एक युनिट वीज मिळते; तेवढेच पाणी वर चढवायला सव्वा युनिटच्या आसपास लागते. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार का करायचा? कारण विजेची किंमत वेळेनुसार ठरते. वीज तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ चुकला की ग्रीडची ५० हर्ट्झची वारंवारता ढळते. कोळशाचा बंद संच सुरू करायला कित्येक तास लागतात. पाण्याचा संच काही मिनिटांत भार उचलतो. भर दुपारी सौरऊर्जेचा महापूर आणि सूर्यास्तानंतर टंचाई, अशा आजच्या स्थितीत ही सोय अनमोल आहे.

ही धरणेही पाहण्यासारखी आहेत. कोरडसर काँक्रीट थरांनी पसरून, रस्त्यासारखे रोलरने दाबून ती बांधली. या तंत्राने बांधलेली ही देशातली पहिली धरणे.

उंच कडा आणि त्याच्या पायथ्याशी दरी, ही सह्याद्रीची ठेवण अशा प्रकल्पांना सोयीची आहे. म्हणूनच राज्यात असे अनेक प्रकल्प आता प्रस्तावित आहेत. ते व्हायलाच हवेत. पण हेच कडे जंगलांचे आणि आदिवासी पाड्यांचेही घर आहेत. जागा निवडताना आधी त्या माणसांशी बोलले पाहिजे. साठवलेल्या विजेचा पहिला उजेडही त्यांच्याच घरात पडला पाहिजे.