सिकलसेलचे औषध : लाभ आणि धोका



गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर हायड्रॉक्सीयुरिया लिहून देतात, तेव्हा आईवडील विचारतात, “हे कॅन्सरचं औषध ना? मग आमच्या लेकराला कशाला?” प्रश्न रास्त आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवरही हेच औषध देतात.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य वेदना होतात आणि प्लीहा, फुप्फुसे, मेंदू यांना इजा पोहोचते. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते. या औषधाने ते पुन्हा वाढते आणि पेशी वाकड्या होण्याचे प्रमाण घटते.

लाभ किती? अमेरिका व कॅनडात 299 प्रौढ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (1995) वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. आफ्रिकेतील चार देशांत 606 मुलांवर झालेल्या अभ्यासात (2019) औषध सुरू केल्यावर वेदना, रक्त चढवण्याची गरज, मलेरिया आणि मृत्यू हे सारेच कमी झाले.

धोकाही खरा आहे. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटू शकतात. म्हणून सुरुवातीला साधारण दरमहा आणि डोस स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी हवीच. पेशी फार उतरल्या तर डॉक्टर औषध काही दिवस थांबवतात. बहुधा त्या पुन्हा वाढतात. गरोदरपणात सहसा हे औषध देत नाहीत. मूल हवे असल्यास पती असो वा पत्नी, आधीच डॉक्टरांशी बोलावे. नखे काळसर होतात, पण त्याने अपाय नाही. कर्करोगाची भीती सिकलसेलच्या रुग्णांमध्ये आजवर सिद्ध झालेली नाही.

औषध न घेण्यातही धोका आहेच, हे विसरू नये. तो आजाराचा धोका. केवळ वाहक असलेल्यांना मात्र या औषधाची गरज नसते.

म्हणजे पारडे कुठे झुकेल, हे बरेचसे तपासणीवर अवलंबून आहे. तपासणी वेळेवर झाली तर लाभ मोठा. ती चुकत गेली तर तेच औषध घातक ठरू शकते. पाड्यावरच्या कुटुंबाची तपासणी चुकते ती बहुधा बसभाड्यापायी किंवा बुडणाऱ्या मजुरीपायी. मंडळीतील कुणी तारखेची आठवण दिली, भाडे दिले, सोबत गेले, तर तीही उपचारातलीच मदत आहे. आपल्या प्रार्थनेला एवढी जोड अवश्य द्यावी.