ठरलेले काम आणि वाढलेले काम

पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडीचा मुकादम हंगामापूर्वीच कारखान्याशी वा वाहतूकदाराशी करार करतो, उचल घेतो आणि ती कोयत्यांत वाटतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मजुरी टनावर. आता समजा, ऐन हंगामात निरोप आला की, तोडणी-भरणी तर करायचीच, शिवाय गाडी फडात येत नसल्याने मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहायच्या. मुकादमाने काय करावे?

निघून जावे, तर उचल अंगावर राहते. मुकाट्याने करावे, तर तूट टोळीच्या हिशेबातून भरली जाते आणि भार अखेर कोयत्यावर येतो.

मधला मार्ग कायद्यात आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 62 प्रमाणे करार बदलायला उभयतांची संमती लागते. कलम 70 सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कायदेशीर कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा. पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या दाव्यात बी. के. मंडल आणि सन्स या ठेकेदार पेढीचा असा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली मान्य केला. विधिवत करार नसतानाही.

परंतु कोर्टाच्या पायरीपेक्षा वही बरी. बदल कोणी सांगितला, केव्हा, दर काय, हे लिहून आधी सही घ्यावी. सही मिळेना, तर ठरलेले काम चालू ठेवावे आणि वाढीव कामाचा दर लेखी मागावा. घरमालक आणि गवंडी यांनाही हाच नियम. कामापूर्वी दर बोलला, तर तो सौदा. नंतर बोलला, तर ती विनवणी.